न खचलेला नायक

विजयी सेनेच्या अग्रभागी चालणे फारसे अवघड नसते. नगारे वाजत असतात, लोक फुले उधळत असतात आणि प्रत्येकाच्या अंगी दहा हत्तींचे बळ संचारलेले असते. परंतु जिच्या वाट्याला आज हार, उद्या हार आणि परवाही बहुधा हारच यायची, अशा सेनेचे नायकत्व पत्करणे ही मोठी कठीण गोष्ट आहे. तेथे नायकाच्या शौर्याची कसोटी तर लागतेच, पण त्याहून अधिक कसोटी त्याच्या धीराची लागते.

इटलीचा रग्बीपटू सर्जिओ पारिस्से हा असा नायक होता. आपल्या देशाकडून तो १४२ आंतरराष्ट्रीय सामने खेळला. त्यांपैकी शंभराहून अधिक सामन्यांत त्याच्या संघाचा पराभव झाला. तरीही रग्बीच्या जाणकारांनी आपल्या काळातील थोर खेळाडूंची नावे काढली, की त्यांत पारिस्सेचे नाव आदराने घेतले जाते. शंभर वेळा हरलेल्या माणसाला थोर कसे म्हणावे, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर त्याच्या चरित्रातच सापडते.

प्रथम या खेळाची थोडी ओळख करून घेऊ. रग्बीचा उगम इंग्लंडमधील रग्बी या गावच्या शाळेत झाला आणि गावाचे नावच खेळाला मिळाले. त्या शाळेच्या विद्यार्थ्यांनी १८४५ मध्ये खेळाचे नियम पहिल्यांदा लिहून काढले. रग्बी युनियन या प्रकारात प्रत्येक बाजूस पंधरा गडी असतात. सामना ऐंशी मिनिटे चालतो. चेंडू लांबट, अंड्याच्या आकाराचा असतो. तो हातात घेऊन पळता येते, पायाने मारता येतो. मात्र हाताने सोबत्याकडे द्यायचा झाल्यास तो पुढे फेकता येत नाही, बाजूला किंवा मागेच द्यावा लागतो. प्रतिस्पर्ध्याच्या सीमारेषेपलीकडे चेंडू नेऊन जमिनीला टेकवला, की पाच गुण मिळतात. याला ‘ट्राय’ म्हणतात. त्यानंतर गोलाच्या दोन उंच खांबांमधून आडव्या दांडीवरून चेंडू मारला, तर आणखी दोन गुण मिळतात. प्रतिपक्षाच्या चुकीबद्दल मिळालेल्या पेनल्टीचा चेंडू त्याच खांबांमधून मारल्यास तीन गुण होतात.

या खेळात ‘स्क्रम’ नावाचा एक प्रसंग वारंवार येतो. दोन्ही बाजूंचे आठ-आठ धिप्पाड गडी खाली वाकतात, खांद्याला खांदा भिडवतात आणि मध्ये टाकलेला चेंडू आपल्या बाजूला यावा म्हणून सारे बळ एकवटून रेटा देतात. या आठांच्या अगदी मागे जो उभा राहतो, तो आठव्या क्रमांकाचा गडी. पुढच्यांच्या पायांखालून सरकत आलेला चेंडू त्याच्या पायाशी येतो. तो उचलून स्वतः मुसंडी मारायची, की सोबत्याच्या हाती जाऊ द्यायचा, याचा निर्णय त्याला क्षणार्धात करावा लागतो. या जागेवर बळ पाहिजे आणि बुद्धीही पाहिजे. पारिस्से याच जागेवर खेळे.

आता त्याच्या देशाकडे वळू. इटली हा फुटबॉलवेड्या लोकांचा देश. फुटबॉलचे विश्वविजेतेपद या देशाने चार वेळा मिळवले आहे. तेथे रग्बी हा मूठभर लोकांचा खेळ. उत्तरेकडील त्रेविझो, पादुआ, रोव्हिगो यांसारखी काही शहरे आणि मध्य इटलीतील डोंगराळ मुलखातले लाक्विला, एवढीच त्याची मुख्य ठाणी. उलट इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्स आणि फ्रान्स हे पाच देश या खेळात फार पूर्वीपासून मुरलेले. दरवर्षी ते आपापसांत एक स्पर्धा खेळत. २००० मध्ये इटलीला त्या स्पर्धेत प्रवेश मिळाला आणि ती सहा राष्ट्रांची स्पर्धा झाली. पहिल्याच सामन्यात इटलीने रोममध्ये स्कॉटलंडला ३४–२० असे हरवले. लोकांना वाटले, आता सुदिन आले. परंतु पुढे पराभवांची रांग लागली. मुरलेल्या पंक्तीत नवख्याला पान मिळाले, तरी मान मिळायला वेळ लागतो.

सर्जिओ पारिस्सेचा जन्म १२ सप्टेंबर १९८३ रोजी दक्षिण अमेरिकेतील आर्जेंटिना देशात, ला प्लाता या शहरी झाला. आईवडील मात्र इटालियन. वडिलांचे नावही सर्जिओच. ते लाक्विलाच्या संघातून रग्बी खेळत आणि १९६७ मध्ये इटलीचे अजिंक्यपद मिळवणाऱ्या संघात ते होते. पुढे विमान कंपनीच्या नोकरीनिमित्त ते आर्जेंटिनात आले. त्यामुळे मुलाच्या कानावर लहानपणापासून दोन भाषा पडल्या आणि हातात रग्बीचा चेंडू आला. ला प्लातामधील विद्यापीठाच्या क्लबात त्याने या खेळाचे धडे गिरवले. आर्जेंटिनात रग्बीची परंपरा चांगली आहे. त्याच देशाकडून खेळण्याची वाट त्याला मोकळी होती. पण त्याने आईवडिलांच्या देशाची वाट धरली. मिसरूड फुटण्याच्या वयात तो महासागर ओलांडून इटलीत आला आणि त्रेविझो येथील बेनेटन संघात दाखल झाला.

त्या काळी इटलीच्या संघाला जॉन कर्वन हे मार्गदर्शन करीत होते. ते स्वतः न्यूझीलंडचे नामांकित खेळाडू होते आणि त्यांची नजर पारखी होती. त्यांनी या पोरसवदा गड्याला राष्ट्रीय संघात घेतले. ८ जून २००२ रोजी न्यूझीलंडमधील हॅमिल्टन येथे पारिस्से पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला. वय वर्षे अठरा. समोर जगातील सर्वांत बलाढ्य समजला जाणारा न्यूझीलंडचा संघ. इटलीचा ६४–१० असा दणदणीत पराभव झाला. पहिल्याच दिवशी असा धडा मिळाल्यावर एखाद्याचे पाऊल मागे हटले असते. पारिस्सेचे पाऊल पुढेच पडले. पुढल्या वर्षी ऑस्ट्रेलियात झालेल्या विश्वचषक स्पर्धेतही तो खेळला.

२००५ मध्ये पॅरिसच्या स्ताद फ्रान्से या नामवंत क्लबाने त्याला बोलावून घेतले. तेथे तो चौदा वर्षे खेळला. या क्लबाबरोबर त्याने २००७ आणि २०१५ मध्ये फ्रान्सचे अजिंक्यपद मिळवले. तेथे त्याला विजयाची गोडी कळली. सुमारे सहा फूट पाच इंच उंचीचा हा गडी, परंतु त्याच्या हातांत एखाद्या चपळ, सडपातळ खेळाडूचे कसब होते. अंगावर दोन-दोन प्रतिस्पर्धी लोंबकळत असतानाही तो चेंडू अलगद सोबत्याच्या हाती देई. कधी पाठीमागून, कधी एकाच हाताने. भरधाव पळता पळता तो चेंडूला पायाने अचूक दिशा देई. ताकदीच्या जागेवर उभा राहून नजाकतीने खेळणारा असा गडी विरळाच, असे पाहणारे म्हणत.

क्लबात विजय आणि देशाच्या संघात पराभव, असे त्याचे दुहेरी जीवन वर्षानुवर्षे चालले. असे असूनही देशाचे बोलावणे आले, की तो आनंदाने जाई.

या पराभवांच्या मालिकेत सोनेरी दिवसही अधूनमधून उगवले. २४ फेब्रुवारी २००७ रोजी स्कॉटलंडमधील मरेफील्डच्या मैदानावर सामना सुरू होऊन सात मिनिटे होतात न होतात, तोच इटलीने तीन ट्राय केले. प्रेक्षक अजून आपापल्या जागी नीट बसलेही नव्हते! तो सामना इटलीने ३७–१७ असा जिंकला. सहा राष्ट्रांच्या स्पर्धेत परक्या भूमीवर मिळालेला इटलीचा तो पहिला विजय. त्याच वर्षी रोममध्ये वेल्सचाही २३–२० असा पराभव झाला. पण नशीब लगेच फिरले. त्याच वर्षीच्या विश्वचषक स्पर्धेत उपान्त्यपूर्व फेरी अगदी हाताशी आली असताना स्कॉटलंडने इटलीला १८–१६ असे नमवले. अवघ्या दोन गुणांनी दार बंद झाले.

२००८ मध्ये निक मॅलेट या मार्गदर्शकांनी संघाचे नायकपद पारिस्सेकडे सोपवले. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. त्याच वर्षी जगातील सर्वोत्तम रग्बीपटूच्या सन्मानासाठी जी मोजकी नावे निवडली गेली, त्यांत त्याचेही नाव होते. इटलीच्या कोणाही खेळाडूला तोपर्यंत हा मान मिळाला नव्हता. २०१३ मध्ये त्याला तो पुन्हा मिळाला. जिंकणाऱ्या संघातील गडी सर्वांच्या डोळ्यांत भरतो. परंतु हरणाऱ्या संघातील एकट्या गड्याकडे जगाने वळून पाहावे, याला त्या गड्याचा खेळ तसाच असावा लागतो.

इटली आणि फ्रान्स यांच्यातील वार्षिक सामन्यात जो जिंकेल त्याला २००७ पासून एक करंडक दिला जातो. त्याला गॅरिबाल्डीचे नाव आहे. हे नाव मराठी वाचकांना अपरिचित नाही. मॅझिनी आणि गॅरिबाल्डी यांच्या कथा आपल्याकडील स्वातंत्र्यवीरांनी आवडीने वाचल्या होत्या. गॅरिबाल्डीचा जन्म १८०७ मध्ये नीस येथे झाला. ते शहर आज फ्रान्समध्ये आहे. परागंदा होऊन त्याने अनेक वर्षे दक्षिण अमेरिकेत काढली. १८४८ मध्ये तो इटलीत परतला आणि त्या विखुरलेल्या देशाच्या एकीकरणासाठी लढला. दक्षिण अमेरिकेतून येऊन इटलीसाठी झुंजणाऱ्या पारिस्सेच्या संघाला गॅरिबाल्डीच्या नावाचा हा करंडक मात्र अनेक वर्षे हुलकावणी देत होता.

१२ मार्च २०११ रोजी रोमच्या फ्लामिनिओ मैदानावर फ्रान्सशी गाठ पडली. फ्रान्सचा संघ १८–६ असा पुढे गेला. जमलेल्या लोकांना वाटले, नेहमीचीच कथा. परंतु पारिस्सेच्या गड्यांनी धीर सोडला नाही. आंद्रेआ मासी याने ट्राय केला. मिर्को बर्गामास्को याने एकामागून एक पेनल्टीचे चेंडू खांबांमधून धाडले. अखेरची काही मिनिटे उरली असताना इटलीने एका गुणाची आघाडी घेतली आणि जिवाच्या कराराने ती टिकवली. इटली २२, फ्रान्स २१! सहा राष्ट्रांच्या स्पर्धेत फ्रान्सवर इटलीने मिळवलेला हा पहिलाच विजय. त्यानंतर पाचच दिवसांनी, १७ मार्चला, इटलीच्या एकीकरणाला दीडशे वर्षे पूर्ण झाली. उत्सवाच्या तोंडावर गॅरिबाल्डीचा करंडक घरी आला होता.

२०१३ मध्येही रोमला फ्रान्सशी सामना झाला. या वेळी सुरुवातीच्या काही मिनिटांतच स्वतः नायकाने ट्राय केला आणि इटलीने २३–१८ असा विजय मिळवला. त्याच वर्षी आयर्लंडलाही २२–१५ असे हरवले. २०१५ मध्ये मरेफील्डवर अगदी शेवटच्या क्षणी स्कॉटलंडवर २२–१९ अशी मात केली.

मग आला ६ फेब्रुवारी २०१६ चा दिवस. पॅरिसमध्ये फ्रान्सविरुद्ध सामना होता. इटली एका गुणाने पुढे होती. तेवढ्यात फ्रान्सच्या ज्यूल प्लिसाँ याने फार लांबून पेनल्टीचा चेंडू खांबांमधून मारला आणि फ्रान्स २३–२१ असा पुढे गेला. हा प्लिसाँ क्लबात पारिस्सेचाच सोबती. आता शेवटची खेळी उरली. चेंडू पारिस्सेच्या हाती आला. रग्बीत चेंडू जमिनीवर टाकून, तो उसळताच लाथाडून खांबांमधून मारता येतो. साधल्यास तीन गुण मिळतात. हे काम बहुधा पिछाडीच्या सराईत गड्यांचे. पण नायकाने ते स्वतः करायचे ठरवले. त्याने चेंडू टाकला, मारला. साऱ्या मैदानाचे डोळे त्या चेंडूवर खिळले. चेंडू खांबांच्या बाहेरून गेला. सामना संपला.

‘त्याने स्वतः का मारला? दुसऱ्याला का दिला नाही?’ अशी टीका त्याच्यावर पुष्कळ झाली. साधला असता, तर त्याच लोकांनी त्याला डोक्यावर घेऊन नाचवले असते. नायकपदाची खरी किंमत अशा क्षणी मोजावी लागते. निर्णय घ्यायचा, आणि तो फसला तर दोष दुसऱ्याच्या माथी न मारता स्वतःकडे घ्यायचा. ज्याला हे भय वाटते, त्याने नायक होऊ नये. पारिस्सेने त्यानंतरही नायकपद सोडले नाही.

याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये एक विलक्षण घटना घडली. १२ नोव्हेंबरला न्यूझीलंडने रोममध्ये इटलीचा ६८–१० असा धुव्वा उडवला. एका आठवड्याने फ्लॉरेन्सला दक्षिण आफ्रिकेशी सामना होता. हा संघ दोनदा विश्वविजेता ठरलेला. इटलीने त्याला पूर्वी एकदाही हरवले नव्हते. आठवड्यापूर्वी अडुसष्ट गुण खाल्लेले गडी काय लढणार, असेच कोणीही म्हटले असते. परंतु १९ नोव्हेंबर २०१६ रोजी पारिस्सेच्या नायकत्वाखाली इटलीने दक्षिण आफ्रिकेला २०–१८ असे पराभूत केले. पंचाची अखेरची शिटी वाजली, तेव्हा फ्लॉरेन्सच्या मैदानात आनंदाला पारावार उरला नाही. कथा येथेच संपती, तर फार गोड झाली असती. पण जीवन असे सरळ नसते. पुढच्याच आठवड्यात पादुआ येथे टोंगाच्या संघाने इटलीला १९–१७ असे हरवले!

तीन आठवड्यांत एक दारुण पराभव, एक ऐतिहासिक विजय आणि पुन्हा एक पराभव. या तिन्ही दिवशी मैदानात तितक्याच ईर्षेने उतरणे ही साधी गोष्ट नव्हे. एक दिवस पराक्रम करणारे पुष्कळ असतात; रोज सकाळी उठून पुन्हा सरावाला लागणारे थोडे असतात.

काळ पुढे जात होता. २०१७ मध्ये स्ताद फ्रान्सेने युरोपातील चॅलेंज कप ही स्पर्धा जिंकली. २०१९ मध्ये पारिस्सेने सहा राष्ट्रांच्या स्पर्धेत सर्वाधिक सामने खेळण्याचा आयर्लंडच्या ब्रायन ओड्रिस्कॉल याचा विक्रम मोडला आणि तो पुढे ६९ सामन्यांवर नेऊन ठेवला. त्याच वर्षी जपानमध्ये विश्वचषक स्पर्धा झाली. पारिस्सेची ही पाचवी विश्वचषक स्पर्धा. पाच वेळा या स्पर्धेत खेळण्याचा मान त्याच्यापूर्वी फक्त दोघांना लाभला होता. इटलीचा शेवटचा साखळी सामना न्यूझीलंडशी होता. ज्या देशाविरुद्ध अठराव्या वर्षी त्याने सुरुवात केली, त्याच देशाविरुद्ध विश्वचषकाचा निरोप घ्यावा, असा योग जुळून आला होता. परंतु हागिबिस नावाचे प्रचंड चक्रीवादळ जपानवर चालून आले. सामना रद्द झाला आणि ०–० अशी बरोबरी नोंदवली गेली. पुढे २०२० मध्ये रोममध्ये आपल्या लोकांसमोर निरोपाचा सामना खेळावा, असा विचार होता. तेव्हा करोनाची साथ आली आणि तोही सामना पुढे ढकलला गेला. इटलीच्या पोशाखात तो पुन्हा मैदानात उतरला नाही. नव्वदाहून अधिक सामन्यांत ज्याने देशाचे नायकत्व केले, त्याला निरोपाचा साधा एक सामनाही मिळू नये, ही दैवाची केवढी निष्ठुरता!

त्याने मात्र रडगाणे गायिले नाही. २०१९ पासून तो फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील तूलाँ येथील संघात खेळत होता. मे २०२३ मध्ये डब्लिन येथे झालेल्या अंतिम सामन्यात तूलाँने ग्लासगोच्या संघाला ४३–१९ असे हरवून चॅलेंज कप जिंकला. त्याच वर्षी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, पारिस्सेने खेळातून निवृत्ती घेतली. पुढे तो नव्या खेळाडूंना मार्गदर्शन करू लागला.

इकडे इटलीचा संघ अजून अंधारात चाचपडत होता. २०१५ मधील मरेफील्डच्या विजयानंतर सहा राष्ट्रांच्या स्पर्धेत इटली सलग छत्तीस सामने हरली. या संघाला स्पर्धेतून काढून टाकावे, असे कित्येकजण उघडपणे बोलू लागले. मग १९ मार्च २०२२ हा दिवस उजाडला. वेल्समधील कार्डिफ शहरात अवघी दोन मिनिटे उरली असताना इटली मागे होती. तेव्हा आँज कापुओझो हा लहानखुरा गडी चेंडू घेऊन विजेसारखा निघाला आणि प्रतिस्पर्ध्यांना चकवून त्याने तो एदोआर्दो पादोवानीच्या हाती दिला. पादोवानीने ट्राय केला. पाओलो गार्बिझीने चेंडू खांबांमधून मारला. इटली २२, वेल्स २१! सात वर्षांची काळरात्र संपली.

२०२४ मध्ये तर या संघाने आणखी मोठी मजल मारली. फ्रान्समधील लील येथे १३–१३ अशी बरोबरी झाली. त्या सामन्यातही अखेरची पेनल्टी गार्बिझीला मिळाली होती. त्याचा चेंडू खांबाला लागून परत आला. परंतु संघ खचला नाही. पुढे रोममध्ये स्कॉटलंडचा ३१–२९ आणि कार्डिफमध्ये वेल्सचा २४–२१ असा पराभव करून इटलीने या स्पर्धेतील आपली तोवरची सर्वोत्तम कामगिरी केली.

या विजयांत पारिस्से मैदानावर नव्हता. पण त्या तरुण गड्यांपैकी कित्येकजण लहानपणी त्याचाच खेळ पाहत वाढले होते. इटलीसारख्या फुटबॉलवेड्या देशात एखाद्या मुलाने रग्बीचा चेंडू हाती धरावा, यासाठी त्याला कोणीतरी आदर्श लागतो. गुणफलकावर पराभव लिहिलेला असतानाही जो अखेरच्या मिनिटापर्यंत मान ताठ ठेवून धावतो, त्याला पाहून मुले शिकतात. आंब्याची कोय लावणाऱ्याच्या वाट्याला त्या झाडाची फळे येतातच असे नाही. तरी तो कोय लावतो, पाणी घालतो, कुंपण घालतो.

रग्बीचा एक नियम आरंभी सांगितला होता. हातातला चेंडू आपल्या पुढे असलेल्याला देता येत नाही. तो मागून येणाऱ्यालाच द्यावा लागतो. म्हणून या खेळात ज्याला पुढे जायचे, त्याने स्वतः अंगावर घाव झेलत चेंडू जेवढा नेता येईल तेवढा पुढे न्यायचा आणि पडता पडता तो मागून धावत येणाऱ्या सोबत्याच्या हाती सुखरूप सोपवायचा. सर्जिओ पारिस्सेने सतरा वर्षे आपल्या देशासाठी हेच केले. तो शंभराहून अधिक सामने हरला, हे खरे. परंतु त्याने चेंडू हातातून गळू दिला नाही.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची एका वाक्यात उत्तरे लिहा :
(अ) पारिस्सेचा जन्म कोणत्या देशात झाला?
(आ) इटलीला पाच राष्ट्रांच्या स्पर्धेत प्रवेश केव्हा मिळाला?
(इ) आठव्या क्रमांकाच्या गड्याला कोणता निर्णय क्षणार्धात करावा लागतो?

२. पुढील प्रश्नांची थोडक्यात उत्तरे लिहा :
(अ) गॅरिबाल्डी आणि पारिस्से यांच्या जीवनात कोणते साम्य आढळते?
(आ) २०१६ च्या नोव्हेंबर महिन्यातील तीन सामन्यांवरून पारिस्सेच्या संघाविषयी काय कळते?
(इ) पॅरिसमधील सामन्यात पारिस्सेने घेतलेला निर्णय तुम्हांला योग्य वाटतो काय? कारणे द्या.

३. ‘मुरलेल्या पंक्तीत नवख्याला पान मिळाले, तरी मान मिळायला वेळ लागतो.’ या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

४. वाक्यांत उपयोग करा : हुलकावणी देणे, धुव्वा उडवणे, पारावार न उरणे, जिवाच्या कराराने लढणे.

५. ‘हरल्यानंतर पुन्हा सरावाला लागणे’ या विषयावर दहा ओळी लिहा.